भांडण मिटवणारी माणसं

उधन्याहून निघालेली रेल्वे बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबारला येते आणि पुढे अमळनेर, धरणगाववरून जळगावला पोहोचते. खानदेशातली माणसं याच रुळांवरून सुरतेला गेली आणि तिथलीच झाली. आज लिंबायत, उधना, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात संध्याकाळी फिरलात तर अहिराणी कानावर पडतेच. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, यावरून या वस्तीचा आकार लक्षात यावा. शेजारी ओडिशातल्या गंजामची माणसं, उत्तर प्रदेश-बिहारची माणसं. सगळ्यांना बांधणारी गोष्ट एकच: लूमचं खातं. यंत्रमागाच्या शेडला सुरतेत ‘खातं’ म्हणतात आणि मागावर उभा असतो तो ‘कारागीर’. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आणि आत इतका खडखडाट की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

अशा वस्तीत भांडण कसं होतं ते बघा. समजा, संध्याकाळी पाळी सुटली आहे. गल्लीत पाणी यायची वेळ झाली. एकानं नळाला मोटर लावली, त्यामुळे दुसऱ्याचा नळ कोरडा. दुसरा रातपाळी करून दिवसा जेमतेम चार तास झोपलेला. शब्दाला शब्द वाढतो, कुणीतरी पाइपचा तुकडा उचलतो. इथून पुढे दोन वाटा फुटतात. गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर एखादे आप्पा बसलेले असतील, तर ते उठून येतात. ‘काय व्हयनं रे भो?’ एवढा एक प्रश्न विचारतात, मधे उभे राहतात, पाइप काढून घेतात, दोघांना वेगवेगळ्या दिशेला धाडतात. दुसऱ्या दिवशी मोटर कुणी, किती वेळ लावायची ते ठरतं. आप्पा नसतील, तर प्रकरण पोलीस चोकीत जातं.

चोकीत गेलं म्हणजे काय होतं, हे कारागिराला विचारा. पहिला हिशेब खाड्याचा. पाळी चुकली की मजुरी नाही, आणि पुढे प्रत्येक तारखेला एक खाडा. अटक झाली तर जामीन मिळतो, पण जामिनाला उभं राहणारा स्थानिक माणूस लागतो, त्याच्या नावावर काहीतरी असावं लागतं. भाड्याच्या खोलीतल्या, नातेवाईक दोन राज्यं पलीकडे असलेल्या माणसानं तो कुठून आणायचा? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यांतले चारांतले तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. हे सगळेच निरपराध असतात असं नाही. पण त्यांच्यात पैसेवाले फार थोडे असतात.

म्हणून वस्तीतली माणसं चोकीऐवजी ‘समाधान’ शोधतात. हा शब्द सुरतेच्या मराठीत गुजरातीतून आला आहे. आपल्याकडे समाधान म्हणजे मनाची तृप्ती. गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड. ‘तक्रार’चंही तसंच. मराठीत तक्रार अर्जात लिहितात, गुजरातीत तक्रार म्हणजे चक्क भांडण. पोलिसांत नोंदवतात ती ‘फरियाद’. उपेंद्र बक्षी या कायदेपंडितांनी 1976 साली गुजरातमधल्या एका लोकन्यायालयावर अभ्यास लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘तकरार’ आणि ‘करार’ हे दोन शब्द शेजारी ठेवले होते. भांडणापासून लेखी कबुलीपर्यंतचा प्रवास, असा त्याचा अर्थ. ते लोकन्यायालय होतं रंगपूरचं, तेव्हाच्या वडोदरा आणि आताच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातलं. हरिवल्लभ परीख हे गांधीवादी कार्यकर्ते 1949 मध्ये तिथं आदिवासींत जाऊन राहिले, आनंद निकेतन आश्रम काढला. आश्रमाच्या अंगणात लोकांसमोर खटले चालत. समोरच्याला चिठ्ठी जाई, दोन्ही बाजू सगळ्यांदेखत बोलत, दोन्हींकडचे पंच बाजूला बसून तोड काढत आणि मग करारावर सह्या-अंगठे होत. शिक्षा करणारा शिपाई नव्हता. करार मोडला तर ज्यांच्यासमोर तो केला त्या सगळ्यांच्या नजरेला नजर द्यावी लागे, एवढाच धाक. पुढे 1982 मध्ये तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथं सरकारी व्यवस्थेनं लोकअदालत भरवली, 1987 च्या कायद्यानं तिला पक्कं स्थान दिलं. नाव तेच राहिलं, पण आज लोकअदालतीत विमा कंपन्या आणि बँकांच्या थकबाकीच्या फायलींचे गठ्ठे असतात. ओटा मात्र गेला.

गल्लीतलं भांडण गल्लीत मिटणं ही सोय झाली. शहरच पेटतं तेव्हा या ओट्याचा उपयोग होतो का? इथं सुरतेचाच दाखला आहे, आणि तो फार अस्वस्थ करणारा आहे.

सुरत ही दंगलींसाठी ओळखली जाणारी नगरी नव्हती. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर इथं भयानक हिंसा झाली. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी पुढे देशातल्या काही शहरांचा तुलनात्मक अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 2002 मध्ये आलं. सुरतेबद्दल त्यांचं निरीक्षण असं की जुन्या शहरात जवळजवळ कुणीच मेलं नाही, मृत्यू झाले ते भोवतालच्या नव्या औद्योगिक वस्त्यांत. जुन्या शहरात हिंदू आणि मुसलमान पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या धंद्यात गुंतलेले होते. व्यापारी संघटनांत शेजारी बसत, एकमेकांना उधारी देत. अफवा आली की विचारायला माणूस होता. नव्या वस्त्यांत तसं काही नव्हतं. दोन-चार वर्षांपूर्वी आलेली, बारा तास राबणारी, आपल्या गावच्या आणि जातीच्या माणसांखेरीज कुणालाच न ओळखणारी माणसं. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनीही दक्षिण गुजरातच्या याच मजुरांवर आयुष्य घालवलं आहे. त्यांच्या लिखाणातून हेच दिसतं की सुरतेनं कामगार बोलावले, पण त्यांना शहर दिलं नाही.

सुरतेसारखंच मागांचं आणखी एक गाव त्याच काळात शांत राहिलं, म्हणून ही तुलना नीट करता येते. ते गाव भिवंडी.

भिवंडीचं नाव 1970 आणि 1984 या दोन सालांशी जोडलं गेलं होतं. 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून दंगल उसळली. त्यावर न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग बसला. 1984 मध्ये पुन्हा तेच. यंत्रमागांचं शहर, अर्ध्याहून जास्त मुसलमान वस्ती, बाकी मराठी, तेलुगू, उत्तर भारतीय. 1988 मध्ये तिथं पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. पोलिसांकडे दंगल रोखायचं जे ठरीव साधन होतं ते म्हणजे ‘शांतता समिती’. सण जवळ आला की नगरसेवक, मौलवी, मंडळाचे अध्यक्ष, दोन वकील, एक डॉक्टर यांना ठाण्यात चहा पाजायचा, सगळ्यांनी बंधुभावावर बोलायचं आणि फोटो काढायचा. ही समिती तुम्हीही पाहिली असेल. अजून भरते.

खोपड्यांनी हे मोडीत काढलं. त्यांनी वस्तीवार मोहल्ला समित्या बांधल्या, सुमारे 70. सदस्य मुद्दाम साधी माणसं निवडली: मागवाले, दुकानदार, हातगाडीवाले, गृहिणी. पुढारी शक्यतो दूर. हिंदू-मुसलमान बरोबरीनं. आणि मुख्य म्हणजे बैठक सणाला नाही, नेहमी. त्या भागाचा पोलीस अधिकारी बैठकीला असायचाच. विषय काय? तुंबलेलं गटार, नळ, वीज, कुणाची म्हैस कुणाच्या दारात, कुठला पोरगा मुलींना छेडतो. दंग्यावर चर्चा करायला कुणी बोलावलेलं नव्हतं. यामुळे दोन गोष्टी झाल्या. गल्लीतला इस्माईल आणि गल्लीतला पांडुरंग (नावं माझी, माणसं खरी) महिन्यामागून महिने एका सतरंजीवर बसले. आणि हवालदाराला आपल्या भागातल्या माणसांची नावं तोंडपाठ झाली. त्याआधी त्याला फक्त गुंडांची नावं ठाऊक असायची.

6 डिसेंबर 1992 नंतर मुंबई दोनदा पेटली. श्रीकृष्ण आयोगानं डिसेंबर आणि जानेवारी मिळून 900 मृत्यू नोंदवले. मुंबईला खेटून असलेली, दंगलीसाठीच कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली. खोपड्यांची तोवर बदली झालेली होती, हे महत्त्वाचं. समित्या त्यांच्या पाठीमागेही उभ्या राहिल्या. अफवा आली की सदस्य रस्त्यावर उतरले, त्या मोहल्ल्यातल्या माणसाला विचारून खात्री केली, पोरांना घरी पिटाळलं.

भिवंडीचं पाहून मुंबईनंही दंगलीनंतर मोहल्ला समित्या उभारल्या. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी त्यामागे होते. त्यांनी वस्त्यांच्या आणि पोलिसांच्या संघांचे क्रिकेट सामनेही भरवले. धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे या जोडीनं वर्षानुवर्षं हेच काम केलं. क्रिकेटचं हसू येईल, पण ज्या हवालदाराला तुम्ही काल बाद केलंत त्याच्यावर आज दगड मारायला हात जरा अडखळतो.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण भिवंडीची गोष्ट 1993 ला संपत नाही. जुलै 2006 मध्ये तिथं कब्रस्तानाशेजारच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाण्याचं बांधकाम सुरू झालं. लोकांनी विरोध केला. जमाव, दगडफेक, पोलिसांचा गोळीबार, त्यात दोन ठार. त्या रात्री जमावानं दोन पोलिसांना मारून टाकलं. ज्या शहरानं देशाला मोहल्ला समिती शिकवली त्याच शहरात हे घडलं. ओट्यावरची बैठक एकदा भरवली की कायमची होते, असा समज असेल तर तो इथं फुटतो. अधिकारी बदलतात, नवा अधिकारी म्हणतो हे माझं काम नाही, सदस्य म्हातारे होतात, नवे भाडेकरू येतात. मागावर सुताचा धागा तुटला की कारागीर लगेच गाठ मारतो. थांबला तर कापडात भोक राहतं. समित्यांचा धागा तुटला, तेव्हा गाठ मारायला कुणी उभं नव्हतं.

महाराष्ट्र सरकारनं हीच कल्पना गावांत नेली ती 15 ऑगस्ट 2007 पासून, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम या नावानं. गृहमंत्री होते आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा. ग्रामसभेनं समिती नेमायची, तिच्यात पोलीस पाटील, तलाठी, बीटचा अंमलदार. बांधाचा वाद, वाटणीचा वाद, किरकोळ मारहाण, जे तडजोडीला कायद्यानं मोकळं आहे ते गावातच मिटवायचं. गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येनुसार काही लाखांचं बक्षीस. खरंच हजारो वाद मिटले. शिवाय एक अनपेक्षित गोष्ट झाली: घरचे विरोधात असलेल्या प्रेमी जोडप्यांची लग्नं तंटामुक्ती समितीनं हनुमान मंदिरासमोर हार घालून लावून दिली, आणि तशा बातम्या जिल्हा आवृत्त्यांत नेमानं येऊ लागल्या. मात्र बक्षिसापायी आकडे फुगले, समितीचं अध्यक्षपद ही सरपंचपदाची पायरी झाली आणि पुढे मोहिमेचा जोर ओसरला.

गुजरातनं वेगळी वाट धरली. तिथं ‘तीर्थ गाम’ आणि ‘पावन गाम’ अशी योजना आहे: पाच वर्षं गुन्हा नोंदला गेला नाही तर तीर्थ, तीन वर्षं नसेल तर पावन. मला ही योजना धोक्याची वाटते. गुन्हा न घडणं आणि गुन्हा न नोंदवणं यांतला फरक तिला मोजता येत नाही. एखाद्या सुनेला मारहाण झाली आणि ती फरियाद द्यायला निघाली, तर गावाचं तीर्थपण जाईल म्हणून तिला कोण कोण अडवेल याची यादी करून बघा.

पोलिसांऐवजी समाज, असं म्हणताना समाज म्हणजे कोण हा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्रात जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकलं, दंड लावले, बायकांची अग्निपरीक्षा घेतली. पोलिसांशिवाय न्याय हाच होता, आणि तो पोलिसांपेक्षा क्रूर होता. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 2013 पासून त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. तो 2017 च्या जुलैपासून लागू आहे. ओट्यावरच्या आप्पांच्या डोक्यावर कायदा हवा, तो यासाठी. आप्पा चांगले असले तर ठीक. आप्पांचाच पोरगा छेड काढणारा असला तर?

यावर गुजरातमधल्याच बायकांनी एक उत्तर शोधलं. महिला सामख्या या सरकारी कार्यक्रमातून वडोदरा जिल्ह्यात 1995 मध्ये नारी अदालत सुरू झाली. फार न शिकलेल्या, बहुतेक दलित-आदिवासी बायका ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी बसत. तक्रार आली की नवऱ्याला बोलावणं धाडत; नाही आला तर त्याच्या दारात जाऊन बसत. स्टँप पेपरवर लिहून घेत: मारणार नाही, खर्चाला इतके देईन, अमुक तारखेला आणायला येईन. पंचांच्या बैठकीत बाईला कोपऱ्यात उभं करायची पद्धत होती. इथं ती मधोमध बसून बोलायची. त्यांना कायद्याचा अधिकार नव्हता, पण कुठल्या कलमाखाली कुठं जायचं हे त्यांना पाठ होतं आणि गरज पडली की त्या पोलिसांतही जात. समाज आणि पोलीस यांतलं एकच निवडायचं, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

आता गुजरातमध्ये 181 या क्रमांकाची ‘अभयम’ सेवा आहे, मार्च 2015 पासून राज्यभर. फोन केला की गाडी येते, तिच्यात समुपदेशक बाई आणि महिला पोलीस दोघी असतात. आधी बोलणारी उतरते. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या यूजीन शहरात 1989 पासून असंच चालायचं: कुणी रस्त्यावर वेडाच्या भरात आरडाओरडा करत असेल तर पोलिसांऐवजी परिचारिका आणि समुपदेशक पाठवत. ती सेवा यूजीनमध्ये 2025 च्या एप्रिलमध्ये बंद पडली. भिवंडीचंच दुखणं तिथंही: चालतं तोवर कुणाचं लक्ष नसतं, त्यामुळे पैसे आटतात तेव्हाही नसतं.

आणि तुरुंग? त्यालाही आपल्याकडे एक जुना, विसरलेला पर्याय आहे. औंध संस्थानात 1939 च्या सुमारास, आटपाडीजवळच्या माळावर, राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्यानं कैद्यांची वसाहत वसवली. भिंत नाही. कैद्यानं शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. नाव स्वतंत्रपूर. ती सांगली जिल्ह्यात अजून आहे, सरकारी खुली वसाहत म्हणून. माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांनी यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट बर्लिनला गाजला. अशा आणखी वसाहती मात्र तुरुंगांच्या मानानं फार थोड्या निघाल्या.

कायद्यानं मात्र अलीकडे एक फट ठेवली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सहा गुन्ह्यांसाठी ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आली. त्यांतला एक असा: पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसानं 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी केली असेल आणि त्यानं ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचं बिनमोबदल्याचं काम द्यायचं. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्यालाही ते देता येतं.

हे वाचून मला पुन्हा बमरोली आठवते. खात्यातून साड्यांचा ताका पळवलेला अठरा वर्षांचा पोरगा उद्या न्यायाधीशासमोर उभा राहिला आणि त्यांनी सामुदायिक सेवा सांगितली, तर ते काम कुठं, कुणाच्या नजरेखाली करायचं, हे संहिता सांगत नाही. महापालिकेची मराठी शाळा आहे, तिच्या आवारात झाडं लावता येतील. गणेश मंडळं आहेत. त्यांच्याकडे वर्गणी गोळा करणारी, रात्री बाराला मांडव घालणारी, प्रत्येक घराचं दार ओळखणारी पोरं आहेत. दहा दिवसांचा मांडव सुटला की ही सगळी ताकद खिळ्यांसारखी डब्यात जाते. एखाद्या मंडळानं वकील घेऊन न्यायालयाला अर्ज द्यावा: अशी शिक्षा झालेला पोरगा आमच्याकडे पाठवा, आम्ही त्याची हजेरी लिहू. आणि त्या हजेरीच्या वहीवर सही करायला मंडळात एक तरी ओडिया आणि एक तरी मुसलमान शेजारी घ्यावा. गणपतीला अजून वेळ असेल, तर ही वही आधी आणा.